हिप्परग्याच्या काठी सत्कार समारंभ

रुद्रप्पा हत्तुऱ्यांना जन्मात एकदाच एक गोष्ट गाजावाजा न करता करायची होती. थोरल्या भावाला घेऊन सकाळी लवकर हिप्परग्याच्या तलावावर जायचं, काठावर गप्प बसायचं, पाखरं बघायची आणि नाष्ट्याला घरी परत यायचं. बस्स. यात मांडव येत नाही, हलगी येत नाही, फेटा तर मुळीच येत नाही. पण ‘बसवकृपा’ सोसायटीत राहून गुपचूप काही करायचं म्हणजे लग्नाच्या पंगतीत बसून उपास धरण्यासारखं आहे.

झालं असं, की दिवाळीच्या तोंडावर पुण्याहून पुतण्याचा, नंदीशचा, फोन आला. “काका, बाबांना सोलापूरला यायचंय. दिवाळी झाली की पाठवतो.” इथवर ठीक होतं. मग नंदीशचा आवाज खाली गेला. “त्यांच्या डोळ्यांचं काही खरं नाही, काका. काचबिंदू आहे. जे थोडंफार दिसतंय, ते पुढच्या दिवाळीपर्यंत राहील असं डॉक्टरांना वाटत नाही. पण मी सांगितलं म्हणून बोलू नका हं. ते कबूलच करत नाहीत. परवा दाराशी टांगलेल्या माझ्या रेनकोटला ‘या, बसा’ म्हणाले. आम्ही बघतच राहिलो, तर वर म्हणतात, गंमत केली!”

रुद्रप्पा काही बोलणार, तोवर तिकडून फोन नंदीशच्या वडिलांनी, नागप्पाअण्णांनीच ओढून घेतला होता.

“रुद्र्या, आली का रे?”

“कोण, अण्णा?”

“कोण म्हणून काय विचारतोस? आपली जोडी. हिप्परग्याची. औंदा एकदा बघून येऊ की रे.”

फोन ठेवल्यावर रुद्रप्पा गॅलरीत जाऊन उभे राहिले. वीज मंडळात हयात गेलेला माणूस. लोकांचे मीटर तपासले, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, कधी डोळ्यांतून पाणी काढलं नाही. त्या दिवशी मात्र त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसायला हात खाली नेला, आणि धोतर नेसून किती वर्षं झाली ते लक्षात आल्यावर तो लेंग्याच्या नाडीनं पुसला.

जोडी म्हणजे चक्रवाकांची. बदकाहून थोराड, शेंदरी अंगाचं, उडालं की पंखांत पांढरं चमकणारं पाखरू. दिवाळी सरली, हवेत गारवा आला, की हिमालयाच्या पलीकडून हिप्परग्याला येतं. अप्पा, म्हणजे या दोघांचे वडील, गिरणीत होते. त्यांची आठवड्याची सुट्टी असली की सायकलच्या नळीवर रुद्र्या, कॅरिअरवर नागप्पा, हँडलला कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं फडकं, अशी स्वारी तुळजापूर रस्त्यानं निघायची. मागं शहरात गिरणीचा भोंगा व्हायचा. सुट्टीच्या दिवशी भोंगा ऐकला की अप्पा लहान मुलासारखे हसायचे, “वाज की, वाज, मी न्हाय येत जा!” काय ते हसणं! त्या हसण्यासाठी रुद्रप्पा आजही आपलं पेन्शन ओवाळून टाकतील.

तलावावर गेल्यावर अप्पांचा एकच नियम असे. “गप्प बसा. आधी ऐका, मग बघा.” मग लांबून ‘आँऽग, आँऽग’ असा आवाज यायचा आणि नागप्पाला लगेच जोडी दिसायची. रुद्र्याला काही म्हणता काही दिसायचं नाही. त्याचे डोळे कच्चे आहेत हे सहावीत फळा दिसेना तेव्हा कळलं, तोवर घरात तो नुसता बावळट समजला जाई. अप्पांनी विचारलं, “दिसली का?” की हा म्हणे, “दिसली.” अप्पा खूश. नागप्पाला मात्र सगळं ठाऊक असायचं. तो काही न बोलता धाकट्याची हनुवटी धरायचा आणि त्याचं तोंड हळूच बरोबर दिशेला वळवायचा. तसं वळवल्यावर तांबूस काहीतरी हललेलं दिसायचंही. ही गोष्ट नागप्पानं अप्पांना कधी सांगितली नाही.

तेव्हा आता अण्णांचे डोळे आहेत तोवर त्यांना जोडी दाखवायचीच, एवढं रुद्रप्पांनी ठरवलं आणि ते फक्त बायकोला सांगितलं. इथं पहिली चूक झाली.

शांतम्मा तशी पोटात गोष्ट ठेवणारी बाई. पण शेंगापोळ्यांचं कूट करायला शेजारच्या बाळाबाईंचं मिक्सर आणायला गेली, आणि मिक्सर काही फुकट मिळत नाही. बाळाबाई माढ्याकडच्या. लेकाच्या नोकरीमुळं सोलापुरात आलेल्या, पण जीव अजून तिकडंच. कमरेवर हात ठेवून त्या थेट रुद्रप्पांसमोर उभ्या.

“पाखरं बघाया जाताय म्हनं? आन् आमाला न्हाय सांगितलं व्हय? आमच्या उजनीच्या पाण्यावर ही पाखरं पडत्यात! लाल टांगांची, ही उच. तितं चला की. माजा भाचा होडी देतोय.”

“बाळाबाई, आम्हाला फक्त हिप्परगा...”

“मंग हिप्परगा तर हिप्परगा. किती वाजता निगायचं? उपाशी पोटी जायचं न्हाय हां, मी धपाटी करून घेते.”

बाळाबाई येणार म्हटल्यावर खालच्या मजल्यावरच्या श्रीदेवीवहिनी येणार, त्या येणार म्हटल्यावर त्यांची भिशी येणार. संध्याकाळपर्यंत भाड्याच्या मोटारीचा बेत मोडीत निघून टेम्पो ट्रॅव्हलर ठरला, तोही रुद्रप्पांना न विचारता. रात्री जेवायला बसताना त्यांना कळलं, की या ‘सहली’त आपली जागा शेवटच्या सीटवर, डब्यांच्या शेजारी आहे.

आणि मग चेअरमन आले. चनमल्लप्पा सरकारी खात्यातून साहेब होऊन निवृत्त झाले होते. दोन माणसं एकत्र उभी दिसली की त्यांचं अध्यक्षपद आपोआप चनमल्लप्पांकडे येतं. त्यांनी सोफ्यावर बसून आधी चहा संपवला.

“हत्तुरे, पक्षीनिरीक्षण हे शास्त्र आहे. मी वाचलंय. पक्ष्यांना माणूस दिसता कामा नये. त्यासाठी आडोसा लागतो. आडोशात बसायचं, फटीतून बघायचं. आडोशाचं मी बघतो. आपला प्रभु आहे की.”

प्रभु म्हणजे मांडववाला. आता विचार करा. ज्या माणसानं जन्मभर मांडव घातले, त्याला तुम्ही आडोसा करायला सांगितलात, तर तो काय करील? पण हा विचार त्या वेळी कुणीच केला नाही. रुद्रप्पांनी केला होता, पण त्यांना कोण विचारतंय! ते एवढंच म्हणाले, “अहो, आम्ही दोघं बाभळीखाली बसलो असतो.” चनमल्लप्पांनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की रुद्रप्पांनी दुसरा चहा मागवला.

आडोसा म्हटला की बांबू आले, बांबू म्हटले की परवानगी आली. चनमल्लप्पा रुद्रप्पांना घेऊन ऑफिसांच्या वाऱ्या करू लागले. पहिल्या ऑफिसातला साहेब म्हणाला, “तलाव आमचा, पाणी आमचं. पाखरं आमची नाहीत. पाखरांचं ऑफिस वेगळं.” पाखरांच्या ऑफिसात सांगितलं, “पाखरं आमची आहेत हो, पण ती बसतात ते पाणी आमचं नाही. सगळी उडत असती तर आत्ता सही केली असती.” तिथून काठाची जमीन ज्यांची त्यांच्याकडे. तिथला क्लार्क भला होता. त्यानं नुसतं विचारलं, “कार्यक्रम कसला?”

“पक्षी बघणे,” रुद्रप्पा म्हणाले.

“तसं यात नाही. लग्न, वाढदिवस, धार्मिक, सत्कार. यातलं बोला.”

रुद्रप्पा तोंड उघडतात तोच मागून चनमल्लप्पांचा आवाज आला, “सत्कार!”

“कुणाचा?”

“यांच्या थोरल्या बंधूंचा.”

शिक्का बसला. जिना उतरताना रुद्रप्पा म्हणाले, “बरं झालं, सुटलो एकदाचे. आता कुठला सत्कार आणि काय!”

चनमल्लप्पा जिन्यातच थांबले. त्यांना खरोखरच दुखावल्यासारखं झालं होतं. “हत्तुरे, कागदावर सत्कार आहे. उद्या कुणी येऊन विचारलं, सत्कार कुठाय, तर काय पाखरं दाखवणार? माझ्या उभ्या नोकरीत मी कागदावर खोटं येऊ दिलं नाही. सत्कार करावाच लागेल.”

सोलापुरी माणसाला सत्काराचं कारण लागत नाही, निमित्त पुरतं. पाहुणा आला की त्याच्या खांद्यावर चादर टाकल्याशिवाय, डोक्याला फेटा बांधल्याशिवाय आणि हातात नारळ दिल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. नेहमीचा पाव्हणा असला तर निदान टॉवेल-टोपी. त्यामुळे ही गोष्ट सोसायटीत कुणालाच विचित्र वाटली नाही. चनमल्लप्पांनी फक्त एक शंका काढली. “फलकावर काय लिहायचं? कर्तृत्व काय तुमच्या बंधूंचं?”

रुद्रप्पांनी बराच विचार केला. अण्णा बँकेत कॅशिअर होते. घर बांधलं, पोरं शिकवली, वहिनींचं आजारपण काढलं. यात फलकावर लिहिण्यासारखं काय आहे?

“त्यांनी मला पाखरं दाखवली,” ते म्हणाले.

“ते नको. ‘ज्येष्ठ पक्षीमित्र’ लिहू.”

अण्णा आले ते दुपारच्या गाडीनं. रुद्रप्पा डब्याच्या दारापुढेच उभे होते. अण्णा उतरले, हसले आणि दोन्ही हात पसरून शेजारच्या हमालाकडे गेले. “रुद्र्या, किती वाळलास रे!” हमालानंही बिचाऱ्यानं पदरचं काही न जाता मिठी मारून घेतली. रुद्रप्पा पुढं होऊन म्हणाले, “मी इकडं आहे, अण्णा.” अण्णा लगेच म्हणाले, “माहितीय मला. त्याचीही जरा गंमत केली.” आणि त्यांनी धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला तो घरी येईपर्यंत काढला नाही. लोकांना वाटलं, किती हे प्रेम. प्रेम होतंच की. पण रुद्रप्पांना त्या हाताचा भार कळत होता. पायरी आली की तो हात घट्ट व्हायचा.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या सुमारास टेम्पो ट्रॅव्हलर निघाला. बाळाबाईंची धपाटी, शांतम्मांच्या शेंगापोळ्या, दह्याची कळशी, भिशीचा चिवडा. थंडी म्हणून प्रत्येकाच्या अंगावर चादर, आणि चादरी सोलापूरच्या, म्हणजे लालभडक जमिनीवर हिरवे मोर. पाखरांना दिसू नये म्हणून निघालेली ही मंडळी तुळजापूरपर्यंत दिसत असतील. श्रीदेवीवहिनींनी भजन सुरू केलं. अण्णा टाळ्या वाजवत होते. मधूनच त्यांनी रुद्रप्पांच्या कानाशी तोंड आणलं. “काय रे, अप्पांची सायकल बरी मोठी झाली.”

तलावावर पोचल्यावर रुद्रप्पा डब्यांवरून वाट काढत खाली उतरले. प्रभुनं मांडव घातला होता. झालर लावलेला, कमान केलेला, वर मोकळा पण बाजूंनी कापड ताणलेला, खाली लाल जाजम अंथरलेला मांडव. आडोशाचं एकच तत्त्व पाळलं होतं, ते म्हणजे तलाव कुठूनही दिसत नव्हता. स्टेजचं तोंड रस्त्याकडे, पाठ पाण्याकडे.

“अरे प्रभु, पाणी तिकडं आहे!”

“असू द्या की काका. स्टेज कधी पाण्याकडं तोंड करतंय का? पब्लिक हिकडनं येतंय. आन् हे बघा, फलकाला बांबू उरला न्हाई, मग तो त्या सरकारी पाटीवरच बांधला.” त्यानं अभिमानानं बोट दाखवलं. ‘ज्येष्ठ पक्षीमित्र श्री. नागप्पा हत्तुरे यांचा भव्य नागरी सत्कार’. फलकाच्या खालून जुन्या पाटीचा तळ डोकावत होता. त्यावर एवढंच वाचता येत होतं, ‘गोंगाट करू नये.’

नाष्ट्याची गडबड चालली होती, चनमल्लप्पा माइकमध्ये फुंकर मारत होते. त्या गर्दीत रुद्रप्पांनी अण्णांचा हात धरला, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या काखेत मारल्या आणि मांडवाच्या मागं, बाभळीखाली जाऊन पाण्याकडे तोंड करून दोघं बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा शांतता मिळाली. पाण्यावरून गार वारा येत होता. लांब, पाण्यातून वर आलेल्या मातीच्या उंचवट्यावर रुद्रप्पांच्या नव्या चष्म्यातून स्वच्छ दिसत होती... जोडी! एक नाही, कितीतरी जोड्या. शेंदरी, सकाळच्या उन्हात उजळलेल्या.

“अण्णा! आल्यात! समोर, उंचवट्यावर!” त्यांनी वाटेत मागून घेतलेली चनमल्लप्पांची दुर्बीण अण्णांच्या हातात दिली. अण्णांनी ती डोळ्यांना लावली, मान जरा इकडं, जरा तिकडं केली.

“वा!” अण्णा म्हणाले. “वा, वा! काय जोडी आहे रे! पंख बघ की पंख!”

रुद्रप्पा हसत त्यांच्याकडे वळले आणि तसेच राहिले. दुर्बिणीच्या पुढची दोन्ही काळी टोपणं अजून लावलेली होती.

अण्णा टोपणांतून बघत होते आणि वा वा करत होते. धाकट्या भावानं एवढं केलंय, मांडव घातलाय, गाव गोळा केलंय, त्याचा विरस होऊ नये म्हणून थोरला ‘दिसली’ म्हणत होता. टोपणं काढावीत, तर अण्णांना कळणार की याला कळलं. न काढावीत, तर काय करावं? आणि काढूनसुद्धा दिसलं नाही तर? उशीर झाला होता. दोन वर्षं आधी का नाही आपण म्हटलं, अण्णा या म्हणून? का नाही म्हटलं? त्यांनी हात पुढं केला, मागं घेतला.

“सत्कारमूर्ती कुठे आहेत? सत्कारमूर्तींनी ताबडतोब व्यासपीठावर यावे!” माइक गरजला. पाठोपाठ चनमल्लप्पा स्वतः आले, आणि एका माणसाला उचलून न्यायला जितकी माणसं लागतात त्याच्या दुप्पट बरोबर घेऊन आले. रुद्रप्पा म्हणाले, “पाच मिनिटं थांबा हो,” पण अण्णाच उठले. “चल रे, लोक खोळंबलेत.”

फेटा बांधला, तो अण्णांच्या भुवयांवर उतरला. खांद्यावर मोराची चादर पडली. नारळ हातात आला. ‘आधी ऐका, मग बघा’ म्हणणारे अप्पा वरून हे बघत असतील तर काय म्हणत असतील, असा विचार करत रुद्रप्पा शेजारी उभे होते. त्यांनी फक्त एवढंच बघितलं नव्हतं, की प्रभुनं मांडवाबरोबर हलगीवालेही आणलेत. ठरवले कुणी? कुणीच नाही. मांडवाबरोबर हलगी येते, त्यात ठरवायचं काय!

हलगी कडाडली.

आणि सगळा तलाव उठला. मांडवाच्या मागून पाण्याचा फडफडाट झाला, शेकडो पंख एकदम हवेत गेले, आणि तो सगळा थवा मांडवावरूनच वळला. हलगीवाल्यांचे हात थांबले. बाळाबाई “आगं बया!” म्हणून वर बघत राहिल्या. चनमल्लप्पांनी प्रास्ताविकाचा कागद खिशात घातला. माइकसुद्धा गप्प. आणि त्या शांततेत वरून आवाज आला.

आँऽग. आँऽग.

अण्णांच्या हातातला नारळ खाली पडला. “बंदऽऊ,” ते घरच्या कानडीत धाकट्याला सांगू लागले, “बंदऽऊ, तम्मा, बंदऽऊ! आली रे आली!” त्यांचं तोंड वर झालं होतं. फेटा डोळ्यांवर आला होता आणि तो सारायची त्यांना गरजही वाटली नाही. तोंडभर हसत, मान हळूहळू फिरवत ते आवाजाच्या मागोमाग आभाळ धुंडत होते, अगदी बरोबर, जिथं थवा होता तिथंच. ते हसणं रुद्रप्पांनी ओळखलं. भोंगा ऐकून हसणाऱ्या अप्पांचं हसणं होतं ते.

रुद्रप्पा अण्णांकडेच बघत राहिले होते. तेवढ्यात अण्णांचा हात चाचपडत आला, गालाला लागला, खाली घसरून त्यानं हनुवटी पकडली.

“माझ्याकडं काय बघतोस, येड्या? तिकडं बघ.” अण्णांनी त्यांचं तोंड वर वळवलं. “आता बाभळीवरून चालल्यात. दिसली का?”

रुद्रप्पांनी बघितलं. पण चष्म्याच्या काचा आतून भिजल्या होत्या, आणि आभाळात नुसतं शेंदरी काहीतरी पसरलेलं होतं.

“दिसली, अण्णा.”

“खोटं,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी हनुवटी आणखी थोडी डावीकडं वळवली.